अर्धा धवला

५ जानेवारी २०२५

हरेश,

तुझा नंबर लागत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. पत्ता तुझ्याच पोस्टरवरून घेतला. पेणला स्टँडसमोर लागलंय. ‘खांड : दहा वर्षं’, रोहा, १ मार्च. तुझा चेहरा एवढा मोठा आहे की मागच्या चपलांच्या दुकानाचं अर्धं दार झाकलं गेलंय. केरू त्यावर नाही, साईराजही नाही. तिघांनी काढलेल्या ग्रुपची दहा वर्षं एकाच्या चेहऱ्यावर बसली, म्हणून मी थोडा वेळ बघत उभी राहिले. दुकानदार म्हणाला, तुमचा भाऊ ना गो, त्याला सांगा जरा बाजूला सरकायला.

कामाचं लिहिते. आईच्या घशात गाठ आहे. पेणच्या डॉक्टरांनी पनवेलला पाठवलं, तिथे तपासण्या झाल्या. स्वरयंत्र काढावं लागणार. ऑपरेशन १८ फेब्रुवारीला. जगेल असं म्हणतात, पण आवाज जाईल. थोडा नाही, सगळा.

हे कळल्यावर ती रडली नाही. तिने एकच विचारलं, “हरेशला कलवलास?”

तिला काय हवंय ते तुला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी तिने तेच मागितलं होतं आणि तू हसून निघून गेलास. म्हणाला होतास, “आये, गाना आता तुझा नाय, लोकांचा हाय.” तेव्हापासून घरी आलेला नाहीस. तरी पुन्हा लिहिते, कारण तू ते कधी नीट ऐकून घेतलंच नाहीस.

तुझ्या ‘मांडव’ गाण्यात आईच्या आवाजातली एकच ओळ आहे. ‘या रं देवा, आमचे घरा.’ ती तुम्ही बावीस वेळा वाजवता. मी मोजल्यात. आपल्या लग्नात आईसारखी धवलारीण ही ओळ म्हणून देवांना बोलावते, मग बसवते, हळद दाखवते, जेवू घालते आणि शेवटी बोळवते. धवला उघडला की मिटवायचा, हे तिला तिच्या आईने शिकवलं. तुझ्या गाण्यात देव नुसते बोलावलेत. घरी बोलावलेल्या कुणालाच आई दारात उभं ठेवणार नाही, आणि हे तर देव आहेत. हळदीच्या मोसमात खाडीपलीकडून दिवसातून पंचवीस-तीस वेळा तुझं गाणं ऐकू येतं. प्रत्येक वेळी ती हातातलं टाकून बोळवणीची ओळ म्हणते. गाठ त्यामुळे झाली नाही असं डॉक्टर म्हणाले. मी मुद्दाम विचारून घेतलं.

एकटीने म्हटलेली बोळवण लागत नाही. पुढचीने ओळ टाकायची आणि मागचीने उचलायची. तिची जोडीदारीण गोदूबाई गेली. मागची म्हणून मी आहे. पुऱ्या धवल्याचं पहिलं रेकॉर्डिंग माझ्या फोनबरोबर मिठागराच्या पाण्यात गेलं हे तुला ठाऊकच आहे. म्हणून आवाज आहे तोवर ये, बोळवण रेकॉर्ड कर आणि गाण्याच्या शेवटी जोड. अर्धं मिनिट लागेल. एवढंच तिला हवंय.

— नंदा


१९ जानेवारी २०२५

हरेश,

तुझ्या ऑफिसातल्या नमिताचा मेसेज आला. पत्र सरांना दिलंय, सर टूरवर आहेत, काहीतरी प्लॅन करू. आपल्या घरात सर हा शब्द फक्त माझ्या अंगणवाडीच्या सुपरवायझरसाठी होता. आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, “सर कोन?” मी म्हटलं, तुझा पोऱ्या. ती खूश झाली. आजारपणाआधी झाली नसती.

नमिताने ग्रुपच्या सुरुवातीची माहिती विचारली आहे, कार्यक्रमात दाखवायला. तुझ्याकडून मिळाली नाही का? की तुला आता वेगळी आठवते?

मी सांगते. जिते स्टेशनच्या बाकावर सुरू झालं. तू धरमतरच्या जेट्टीवर कामाला होतास, केरू रोह्याजवळच्या त्याच्या वाडीतून मिळेल त्या कामाला यायचा. गाडी चुकली की पुढची दोन-तीन तासांनी, तेवढ्या वेळात तुम्ही बाकावर थापा मारत बोलायचात. तू शिव्या जुळवायचास. गाणं केरू जुळवायचा. त्याला लिहिता येत नव्हतं म्हणून मी अंगणवाडीच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर उतरवून घ्यायचे.

‘बांध तुमचा, पानी आमचा,
जिथं फुटंल तिथं गाव आमचा.’

हे त्याचं. भरतीने बांधाला भगदाड पडलं की आपण खांड पडली म्हणतो, तेच नाव त्याने ग्रुपला दिलं. आपल्या बोलीत कुणी रॅप केलेला नव्हता तेव्हा. गावात म्हणायचे, हौसाबाईचा पोऱ्या तालावर शिव्या देतो, आणि कातकऱ्याला बसवून पिंप बडवून घेतो. साईराजच्या झेरॉक्सच्या दुकानामागे एक खोली होती, तिच्या भिंतींना गोधड्या लावून पहिली तीन गाणी झाली. ‘खांड’, ‘मीठ’ आणि ‘उघाडी’. आज शहरातली पोरं ती पाठ म्हणतात. त्या गोधड्या माझ्या होत्या. एक परत मिळाली.

केरूचं पुढचं मी नमिताला सांगितलं नाही, तुला सांगते. तू विसरला असशील. मुंबईच्या त्या मोठ्या कार्यक्रमात आयोजकांनी त्याच्यासाठी धनुष्यबाण आणि कमरेला गुंडाळायला कसलंसं कातडं आणलं होतं. त्याच्या अंगात त्या दिवशी नवी जीन्स होती, पेणच्या बाजारातून दोन तास लावून घेतलेली. तो तुझ्याकडे बघत राहिला. तू म्हणालास, “पाच मिनिटांचा तर प्रश्न हाय, घाल ना.” त्याने घातलं. गायला, आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून आला. पुढच्या कार्यक्रमात तेच कातडं घालून दादरचा कुणी जिमवाला उभा होता, त्याची ओळ ओठांवर घेऊन.

केरू हल्ली कोलाडला पर्यटकांच्या रबरी होड्या नदीतून नेतो. परवा आईला बघायला आला होता. होडीत बसल्यावर पुण्याचे लोक मोबाइलवर त्याचीच गाणी लावतात म्हणाला. मी विचारलं, सांगत नाहीस का? तर म्हणाला, “सांगून काय व्हनार ताई, त्यांना वाटंल टिप मागतो.”

आई त्याच्याशी बोलताना दोनदा थांबली. आवाज फाटतो आहे. अठरा तारीख लांब नाही.

— नंदा


९ फेब्रुवारी २०२५

हरेश,

नमिताचा फोन आला. सोळा तारखेला, रविवारी, ती रेकॉर्डिंगचं सामान घेऊन येणार आणि ‘सर यायचा प्रयत्न करतील.’ आईने तेव्हापासून हिरवं लुगडं काढून ठेवलंय. बोलणं बंद केलंय, आवाज राखायला. मीठ लागलं तर बोटाने दाखवते. दूरवर तुझं गाणं लागलं तर मी उठून खिडकी लावते, नाहीतर ती म्हणायला लागेल आणि रविवारसाठी उरणार नाही. काल हिरामणदादांकडे हळद होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

घरात एवढी शांतता आहे की जुनं आठवत बसते. माझ्या शीतलच्या लग्नाचं तुला कुणी सांगितलं की नाही, माहीत नाही. २०२३ चा मे. पत्रिका पाठवली होती, उत्तर नाही.

शीतलच्या सासरच्यांना डीजे हवा होता. नव्या लग्नांमधून धवलारीण बोलावत नाहीत, ‘मांडव’ लावतात. त्यातच आईचा आवाज मिळतो, नाचताही येतं, आणि दोन म्हाताऱ्यांना रात्रभर चहा द्यायला नको. तुझं गाणं आल्यापासून आईला लग्नं कमी कमी होत गेली. आधी वर्षाला चाळीस, मग बारा, मग तीन. तिच्याच आवाजाने तिला घरी बसवलं. ती म्हणायची, “नातीच्या लग्नात तरी म्हनीन.”

मी हो म्हटलं होतं. मग व्याह्यांनी विचारलं, आजीबाई किती वेळ म्हणतील? आणि मी म्हटलं, नको, डीजेच ठेवा. मी म्हटलं हरेश, त्यांनी नाही. त्यांनी नुसतं विचारलं होतं. तू म्हणशील, मग मला कशाला बोलतेस. बोलते, कारण तुला बोलताना मला माझी चूक कमी दिसते.

आईला सांगितलं नव्हतं. ती मांडवात पाटावर बसली, गोदूबाई जिवंत होती, ती मागे बसली. आईने तोंड उघडलं आणि स्पीकरमधून तीच निघाली, आठ वर्षांनी तरुण. आई आधी दचकली, मग तिने त्या आवाजाच्या वर म्हणायचा प्रयत्न केला. पण स्पीकरमधली पुढे जाईना. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. आई पुढच्या ओळीवर जायची आणि स्पीकर तिला मागे ओढायचा. पोरं हसत होती. कुणी म्हणालं, आजी रिमिक्स करते. त्याची रील निघाली, ती तू पाहिली असशील, तुझ्या ग्रुपच्या पानावरच होती, हसऱ्या चेहऱ्याच्या चिन्हासकट.

आईने माझ्याकडे बघितलं, मी थांबवेन म्हणून. मी वाढपाकडे गेले.

रविवारी ये. नमिताला नको, तुला बघून आईचा आवाज लागेल.

— नंदा


१७ फेब्रुवारी २०२५

हरेश,

तू आला नाहीस. नमिता आली, चांगली मुलगी आहे, आल्या आल्या आईच्या पाया पडली. माइक लावले. केरूही कोलाडहून सुट्टी टाकून आला होता, घागर घेऊन ताल धरायला.

आईला बोळवण म्हणता आली नाही. तीनदा प्रयत्न केला. पहिली ओळ लागली, पुढे काही झालं नाही. खोकला आला, खोकल्यात रक्त आलं, मग नमितानेच सगळं बंद केलं. तिने तुला सांगितलं असेलच.

उद्या सकाळी ऑपरेशन. आम्ही आता पनवेलला निघतो आहोत. केरू घागर इथेच विसरून गेला, किंवा ठेवून गेला.

— नंदा


४ मार्च २०२५

हरेश,

ऑपरेशन नीट झालं. गळ्यापुढे एक भोक आहे, त्यातून ती श्वास घेते. त्यावर ओला रुमाल ठेवावा लागतो, तो मी दर दोन तासांनी बदलते. भात पातळ करून देते. अंगणवाडीची रजा महिनाअखेरपर्यंत आहे. बाहेरून बघणारा कुणीही म्हणेल, लेक असावी तर अशी. शकूमामी तर म्हणालीच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आईला म्हणता आलं नाही. तसं झालं नाही.

आधी जुनं सांगते, नाहीतर तुला हे कळणार नाही. २०१५ ला आपल्या स्वयंपाकघरात आईने तुझ्यासाठी धवला म्हटला. मांडव नसताना तो म्हणत नाहीत, पण तू मागितलास म्हणून ती तयार झाली, एका अटीवर, की म्हणायचा तर शेवटपर्यंत. तुझ्या फोनवर चार मिनिटं झाली, तू म्हणालास पुरे, आणि जित्याची गाडी पकडायला पळालास. आम्ही दोघी बसून राहिलो आणि तिने अटीप्रमाणे पुरा केला. एकेचाळीस मिनिटं. माझा फोन पिठाच्या डब्यावर चालूच होता. गोदूबाई त्या दिवशी नव्हती. ओळी उचलायला मी होते. आईने त्याआधी मला कधी मागे बसवलं नव्हतं. तुझा गला लग्नाचा नाय, म्हणायची. त्या दिवशी पर्याय नव्हता म्हणून बसवलं, आणि मधे एकदा, हळदीच्या ओळींना, तिने मान हलवली. बरं आहे, अशी. माझं वय तेव्हा एकतीस होतं आणि ती मान मी अजून ठेवलेली आहे.

मग २०१६, रोह्याचा बक्षीस समारंभ. हजारभर माणसं. तू आईला स्टेजवर बोलावलंस. मी खाली तिची पिशवी आणि चपला धरून उभी होते. तू माइकवर सांगितलंस, आईचा आवाज एकदम भारी होता, पण मागे आमची बाय कण्हत होती, ती पुसायला साईराजला तीन दिवस लागले. सगळे हसले. साईराज हसला, केरू नाही. आई हसली, हरेश. तोंडावर पदर घेऊन, लाजून, जसं लेकाच्या विनोदाला हसतात तसं.

मी तिथेच, पिशवी काखेत धरून, ते एकेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग पुसलं. फोनने विचारलं, नक्की का, म्हणून. फोन पाण्यात कधीच पडला नव्हता. आई सहा वर्षं तुझ्या नावाने वाट बघत होती, ओळ म्हणून म्हणून घसा कोरडा करत होती, आणि मी तिला पाणी देत होते. तुझ्याविरुद्ध तिचे कान भरायलाही मला काही करावं लागलं नाही. फक्त गप्प बसले.

आता सोळा तारखेच्या रविवारचं. आई हिरवं लुगडं नेसून बसली होती. मी मागे बसले. खरं सांगते, मी उचलणार होते. मनात सगळं तयार होतं, रात्री उजळणी केली होती. नमिताने तुला व्हिडिओ कॉल लावला. तू गाडीत होतास, काळा चष्मा होता. आईने फोनवर हात फिरवला. तू म्हणालास, आये, मस्त म्हन. मग मला म्हणालास, “बाय, तू जरा हलूच म्हन हां. मागाहून साफ करतील.”

आणि आईने वळून माझ्याकडे बघून सांगितलं, आठ दिवस राखून ठेवलेल्या आवाजात, “व्हय गो, तू हलू म्हन.”

मग तुझं नेटवर्क गेलं.

केरूने ताल धरला. आईने ओळ टाकली. ‘जा रं देवा, आपले थला.’ लागली होती, हरेश. अशी लागली की नमिताने कानावरचं यंत्र हाताने दाबून धरलं. फाटका आवाज, पण सगळा तिथे होता. आई थांबली. मागची ओळ उचलते तेवढा वेळ पुढची थांबते. मी गप्प बसले. तिला वाटलं मी चुकले. तिने पुन्हा टाकली आणि थांबली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. केरूचा हात घागरीवरच थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तो म्हणाला, “ताई, उचला.” एवढंच, हळू आवाजात. नमिताला वाटलं घागर उचलायला सांगतो आहे, तीच पुढे झाली.

तिसऱ्यांदा आईने ओळ टाकली नाही, ओढली. शेवटाला रक्त आलं. थुंकून तिने रुमाल घडी केला आणि पुन्हा थांबली. मागे वळली नाही. पुढचीने मागे वळायचं नसतं.

मी हळू म्हटलं नाही. म्हटलंच नाही. आता साफ करायला काही नाही.

केरूला विचारलंस तर तो सांगणार नाही. जाताना तो आईच्या पाया पडला आणि माझ्याशी न बोलता गेला.

नमिताने परवा तुझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. गर्दी खूप होती. दिवे बंद करून तू सगळ्यांना म्हणायला लावलंस, या रं देवा, आमचे घरा, आणि एवढी माणसं एका आवाजात बोलावत होती. तू छातीवर हात ठेवून वर बघत होतास. खाली मेसेज होता, आईंना नक्की दाखवा.

दाखवला. उशी पाठीला लावून तिला बसवलं, रुमाल बदलला आणि आवाज पूर्ण वाढवून फोन समोर धरला. तिने तुझ्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. गाणं संपलं तसे तिचे ओठ हलले. भोकातून नुसता वारा आला. मग ती थांबली, मघाशी सांगितलं तशी, समोर बघत, मान ताठ. मागची उचलेल तेवढा वेळ. त्याहून जास्त वेळ. मग, जे तिने कधी केलं नव्हतं, ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. विनवणी होती, आणि विनवणीच्या मागे हेही होतं की रविवारी काय झालं ते तिला पहिल्यापासून माहीत आहे.

मला सगळ्या ओळी येतात. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

— बाय